मास्कापायी मिशी

माझी नात पुण्यात सायकलवर कॉलेजला जाते. परवा तिनं फोनवर एका मास्कचा फोटो पाठवला. काळाकुट्ट, दोन्ही गालांवर गोल झडपा, बघताक्षणी लेकरानं रडावं असा. खाली प्रश्न होता, "आजी, सिग्नलला धूर फार असतो गं. घेऊ का हा? उपयोग होतो का याचा?"

तिचे आईबाप इंजिनिअर आहेत, काका डॉक्टर आहे. तरी तिनं मला विचारलं, कारण सायकल आणि मास्क या विषयाचा अनुभव आमच्या घराण्यात फक्त मला आहे. अनुभव म्हणजे, मास्क मी लावला नव्हता. मी लावणाऱ्याला सल्ला दिला होता. सल्ला देणं हे मास्क लावण्यापेक्षा जास्त धोक्याचं काम आहे.

लावणारे होते आमचे बडेबाबू.

साऱ्या जगाला तोंड झाकायची सक्ती झाली, त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. मी तेव्हा तरुण होते. सत्तेचाळीस वर्षांची. हसू नका, आजच्या वयातून बघताना सत्तेचाळीसची बाई मला परकरातली पोर वाटते, आणि अक्कलही मला तेवढीच होती. नांदेडहून बदली होऊन वसमतच्या ऑफिसात आले होते. कोणतं ऑफिस ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे. नांदेड म्हणजे माझ्या लेखी महानगर. वसमतचे लोक हळद पिकवतात आणि त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला सरकारनं मला इकडं पाठवलंय, अशी माझी मनापासून समजूत होती. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत जे छापून येई ते सोमवारी मी ऑफिसात स्वतःच्या नावावर खपवत असे.

मी स्कूटीवर हिंडायची. डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला ओढणी अशी गुंडाळलेली की दरोडा घालायला निघाल्यासारखी. एकदा मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, चौकात आमच्या ह्यांच्या समोरून गेले, तर ह्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, "कोण हो ही बाई? किती वाईट चालवते!" संध्याकाळी मला हीच हकिकत रंगवून सांगितली. मीही म्हटलं, असतात बाई काही काही बायका.

तर बडेबाबू. ऑफिसचे हेडक्लार्क, पण निजामाच्या काळापासून त्या खुर्चीवर बसणारा बडेबाबूच, म्हणून तेही बडेबाबू. अंगानं दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखे. मिशी मात्र दोन माणसांची. बोलताना ती आधी हलायची, शब्द मागून यायचे. रागावले की मिशीचं डावं टोक वर जायचं आणि साहेबसुद्धा फाईल परत मागवायचे.

त्यांची सायकल होती. काळी, उंच दांड्याची. तिला ते 'गाडी' म्हणायचे. ऑफिसात सगळ्यांनी हप्त्यांवर मोटारसायकली घेतल्या तरी हे आपले पायडल मारत यायचे. कुणी टोकलं की म्हणायचे, "मोटारसायकलीवर माणूस बसून राहतो. सायकलीवर माणूस जातो."

दर रविवारी ते त्या सायकलीवरून जवळा बाजारला जायचे. तिथं त्यांचे वडील, आबा, धाकट्या भावाजवळ राहत होते. वय नव्वदीच्या आसपास, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला तयार नव्हते. म्हणायचे, बघण्यासारखं होतं ते बघून झालंय. लेकाच्या सायकलीची घंटी गल्लीच्या तोंडाशी वाजली की आबा म्हणायचे, "रविवार आला." एरवी त्यांना सगळे वार सारखेच.

आता वसमतला शहर म्हटलं की नांदेडवाले हसतात. पण हळदीच्या हंगामात मोंढ्याच्या रस्त्यानं सायकल चालवून बघा म्हणावं. इकडं हळदीला पॉलिश करणारे ढोल फिरून राहिले, तिकडं ट्रक वळून राहिले, मधे एष्टी काळा धूर सोडून राहिली. माणूस घरून गोरा निघाला तरी ऑफिसात लगीनघरातून आल्यासारखा पिवळा. बडेबाबूंना त्या चार महिन्यांत असा खोकला यायचा की टेबलावरचे कागद उडायचे. त्यांच्या कागदांवरचं दगडाचं वजन आमच्यापेक्षा मोठं होतं.

म्हणून ते मास्क लावायचे. आमच्या गावातला तो पहिला मास्क. आणि तो त्यांनी स्वतः शिवलेला.

पहिला जुन्या धोतराचा. दुसरा, हळद वस्त्रगाळ करायच्या फडक्याचा. तो लावून आले त्या दिवशी मोठ्या ऐटीत मला म्हणाले, "मॅडम, हे फडकं हळदीसारख्या हळदीला गाळून घेतं. धूळ काय चीज हाय?"

मी म्हटलं, "बडेबाबू, वस्त्रगाळ म्हणजे जाड वर राहतं आणि बारीक खाली पडतं. छातीला अपाय बारीक धुळीचाच. म्हणजे तुमचं फडकं चांगलं चांगलं निवडून तुमच्या छातीत भरतंय!"

मिशीचं डावं टोक वर गेलं. मग हळूहळू खाली आलं. "बराबर हाय," म्हणाले. "तांदूळ निवडतो, डाळ निवडतो, आन् हवा मातर आहे तशी गिळतो. फुकट मिळती म्हणून." हे वाक्य त्यांचं फार आवडतं होतं. ते म्हणून झालं की खोकायचे.

ऑफिसात पोचले की मास्क खिडकीच्या कडीला टांगायचे. येणारेजाणारे तो बघायचे, जसं इतर गावांत लोक पर्जन्यमापकात पाऊस किती झाला ते बघतात. पिवळा असला तर मोंढ्यातून आले. काळा असला तर एष्टीच्या मागून. आमचे जीप चालवणारे मामा तर सकाळी आधी मास्क बघायचे आणि मग साहेबांना कोणत्या रस्त्यानं न्यायचं ते ठरवायचे.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. आमच्या गावात माणूस रस्त्यानं निघाला की तो एकटा जातच नाही. समोरून येणारा हात वर करतो, "राम राम बडेबाबू, कुठं निघालाव?" मामा भेटले तर "जय भीम." टायरवाला चाचा भेटला तर "सलाम वालेकुम." आणि तोंड झाकून राम राम घेणं बडेबाबूंना मंजूर नव्हतं. त्यांचं म्हणणं, "तोंड लपवून राम राम करतो तो चोर, न्हाई तर नवरदेव." म्हणून प्रत्येकाला ते मास्क खाली ओढायचे, पूर्ण मिशी दाखवायचे, पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे आणि मास्क पुन्हा वर. घर ते ऑफिस या रस्त्यात मास्क तोंडापेक्षा गळ्यातच जास्त असायचा. जिथं गर्दी तिथं धूळ, आणि जिथं गर्दी तिथंच ओळखी. म्हणजे जिथं मास्क पाहिजे नेमका तिथं तो खाली.

"तुमी बायका तोंड बांधून जाता, तुमाला कुणी काही म्हणत न्हाई," ते मला म्हणायचे. "म्या बांधलं की इचारतेत, काहून, दात काढले का?"

माणसांचं एक वेळ ठीक, कुत्र्यांनाही मास्क मान्य नव्हता. ज्या कुत्र्यांना त्यांनी वर्षानुवर्षं भाकरी टाकली तीच मास्क दिसला की मागं लागायची. मग बडेबाबू सायकल थांबवून, मास्क खाली करून कुत्र्यांनाही तोंड दाखवायचे. "मीच हाय रे." कुत्री ओशाळून परत जायची.

एका हंगामात खोकला फार वाढला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "बडेबाबू, एक तर धूळ सोडा नाही तर सायकल सोडा. नाही तर छाती तुम्हाला सोडेल." बायको म्हणाली, एष्टीनं जात जा जवळ्याला. त्यावर बडेबाबू जे बोलले ते मी विसरले नाही. म्हणाले, "एष्टीला घंटी न्हाई. आबाला रविवार कसा कळंल?"

तेव्हा पुण्याच्या भाच्यानं तो मास्क पाठवला. माझी नात आज जो घेऊ म्हणते आहे तसाच, झडपांचा. सोबत इंग्रजीत माहितीचा कागद. तो वाचायचा मान अर्थातच नांदेडहून आलेल्या विदुषीला. मी चष्मा चढवून वाचला आणि जाहीर केलं, "बडेबाबू, यात लिहिलंय, मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटला पाहिजे. दाढीमिशी असेल तर फटीतून हवा आत जाते. तुमच्या मिशीत तर खिडकी आहे, दार आहे, अंगणसुद्धा आहे."

ऑफिस हसलं. बडेबाबू हसले नाहीत. म्हणून मला आणखी चेव आला. म्हटलं, प्रयोग करून दाखवते. देवाच्या फोटोपुढची उदबत्ती घेतली, बडेबाबूंना मास्क लावायला सांगितला, डोळे मिटायला सांगितले, आणि मिशीजवळ उदबत्ती धरली.

"कसला वास?"

"मोगरा," मास्कमधून आवाज आला.

"बघा!" मी साऱ्या ऑफिसकडं वळून म्हणाले. "मिशी गळती आहे!"

या थोर प्रयोगाबद्दल, फक्त तेवढ्याचबद्दल, नातीला सांगितलं तेव्हा ती फोनवर पोट धरून हसली. म्हणाली, "आजी, असा मास्क धूळ अडवतो गं. वास वेगळी गोष्ट. वास मिशी नसती तरी आला असता." म्हणजे कागद खरा, मिशीचं कलम खरं, पण माझा प्रयोग साफ खोटा. मोगऱ्याच्या साक्षीवरून मी त्या मिशीला फाशी सुनावली होती.

बडेबाबूंनी शांतपणे मास्क काढला. म्हणाले, "मॅडम, मिशी न्हाई काढता येत. आबा हायेत ना."

आमच्याकडं बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. बाप गेला की काढायची. सपाट ओठाचा माणूस दिसला की लोक कारण विचारत नाहीत, खांद्यावर हात ठेवतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मी तेव्हा विज्ञानवादी होते. सोमवार ते शनिवार. "बडेबाबू," मी म्हटलं, "कोणत्या जमान्यात वावरता? केसांचा आणि वडलांच्या आयुष्याचा काय संबंध?"

"संबंध न्हाई," ते म्हणाले. "पण लोकायचा हाय."

विषय तिथं मिटला. जाता जाता मी एवढंच टोचलं, "बरं, निदान मास्क वाटेत खाली तरी ओढू नका. एकदा लावला की पोचेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. मगच कळेल उपयोग होतो का ते."

पुढं काय झालं ते आम्हाला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. शनिवारी ऑफिस सुटल्यावर मोंढ्याच्या चौकात बडेबाबूंना अशी उबळ आली की सायकलीचा दांडा धरून उभं राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी रविवार. समोरच न्हाव्याचं दुकान. ते आत गेले आणि म्हणाले, "मिशी काढ."

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. डोक्यावरची आपली टोपी काढली. फक्त एवढंच विचारलं, "डोकं बी?"

"न्हाई. निस्ती मिशी."

न्हाव्याला वाटलं, शिकलेला माणूस आहे, थोडक्यात उरकतोय. कोण गेलं हे त्यानं विचारलं नाही; असं विचारायचं नसतं. फक्त बडेबाबू गेल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "आबा गेले वाटतं." पुढचं गिऱ्हाईक चहाच्या टपरीवर गेलं. टपरी म्हणजे आमच्या गावचं आकाशवाणी केंद्र.

रविवारी सकाळी बडेबाबू नवा मास्क लावून निघाले. आणि माझा सल्ला पाळून, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी कुणाचाही राम राम घेतला नाही. हात वर झाले, हाका आल्या, हे खाली मान घालून पायडल मारत गेले. सुतकात माणूस राम राम घेत नाही हे लेकरालाही माहीत असतं. झालं! गावाची खात्री पटली. कुत्रीसुद्धा त्या दिवशी भुंकली नाहीत असं सांगणारे लोक मला भेटलेत.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं. तिथंच तर गंमत आहे. आमचे साहेब सकाळी घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, बडेबाबूंनी मिशी काढली." मी चटकन विचार केला: आबा असेपर्यंत मिशी काढणार नाही असं ते स्वतः मला म्हणाले होते. मिशी काढली. याचा अर्थ उघड आहे. विज्ञानवादी बाईनं अशी तर्कशुद्ध पायरी चढून न्हाव्याचाच निष्कर्ष गाठला.

साहेबांनी फोन लावला, उचलला नाही. सायकलीवर ते फोन उचलत नसत. घराला कुलूप; बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलीय हे नंतर कळलं. आम्ही म्हटलं, सगळे गावाकडं गेले असणार. मी पांढरी साडी नेसले, मामांनी फोटोला घालायला म्हणून एक हार घेतला, आणि साहेब, मामा आणि मी असे जीपनं जवळा बाजारला निघालो. सायकल आणि जीप यांत जीप आधी पोचते. वाटेत बडेबाबू कुठंच दिसले नाहीत, कारण ते धूळ चुकवायला कॅनॉलच्या वाटेनं गेले होते.

आमच्यापैकी कुणीही आबांना कधी पाहिलेलं नव्हतं.

घर सापडलं. अंगणात लिंबाखाली बाजेवर एक म्हातारा सुपारी कातरत बसलेला. बाकी सगळी सामसूम. धाकट्या भावाचं कुटुंब हळद शिजवायला शेतात गेलं होतं, पण आम्हाला काय माहीत? साहेब माझ्या कानात म्हणाले, "विधी उरकलेला दिसतो. हे भाऊ असतील आबांचे." मग हात जोडून म्हाताऱ्याला म्हणाले, "आम्ही वसमतहून आलो. बडेबाबूंच्या ऑफिसातून. फार वाईट झालं."

"काय झालं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. धक्का बसलाय यांना, असा अर्थ. "आबा गेले ना," ते जरा मोठ्यानं म्हणाले.

अडकित्ता थांबला. "कोन आबा?"

"बडेबाबूंचे वडील."

"कवा?"

"काल म्हणतात."

म्हाताऱ्यानं तोंड आभाळाकडं केलं. मग म्हणाला, "अस्सं. मला कुनी बोललंच न्हाई." पुन्हा सुपारी कातरायला लागला. "बसा की. येवढ्या लांबून आलाव. दोन शबुद बोला त्याच्याबद्दल."

साहेब तर भाषणाचेच माणूस. तालुक्याची हानी झाली, वटवृक्ष कोसळला, असं काय काय बोलले. म्हातारा मान डोलवत ऐकत होता. मग त्यानं मोतीबिंदूचे डोळे माझ्याकडं वळवले. "बाई, तुमी वळखत व्हत्या का त्याला?"

इथं गप्प बसता आलं असतं. पण मी गप्प बसले असते तर ही गोष्ट कशाला झाली असती? "अहो, तर!" मी म्हणाले. "किती वेळा भेटलोय! फार शांत स्वभाव."

"शांत?"

"अगदी. कधी कुणाला वर मान करून बोलले नाहीत."

"त्यानं भावकीतल्या येकाला बैलाच्या हौदात बुडवला व्हता. गावाला इचारा."

"म्हणजे… अन्यायाची चीड होती त्यांना," मी सावरलं.

"आन् खानंपिनं?"

"साधं. मिताहारी."

म्हाताऱ्याला ठसका लागला. मी धावत जाऊन पाठ चोळली. "सावरा स्वतःला, काका," म्हटलं. मला वाटलं रडतोय.

मामा हार घेऊन कडेला उभे होते. ते मघापासून म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत होते. हळूच मला म्हणाले, "मॅडम, ही मिशी वळखीची वाटून राहिली."

मीही तेव्हा नीट बघितलं. पांढरीशुभ्र, दोन माणसांची. आणि डावं टोक वर.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली. म्हातारा बाजेवरून उठला. "रविवार आला," तो म्हणाला.

साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. माझा कसा झाला होता ते देवाच्या दयेनं मला दिसलं नाही.

काळा मास्क लावलेले बडेबाबू सायकल भिंतीला टेकवून आत आले. आम्हाला बघून थबकले, आणि सवयीनं मास्क खाली ओढला. "साहेब? मॅडम? तुमी इकडं कुठं?"

त्यांचा तो सपाट ओठ बघून मला एखाद्या अनोळखी माणसाच्या न्हाणीघरात डोकावल्यासारखं झालं.

आबा चाचपडत पुढं गेले. दर रविवारसारखा लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. हात नाकाखाली आला आणि तिथंच थांबला.

"कोन मेलं रं?"

"कुनी न्हाई, आबा."

"तर मंग मीच मेलो म्हन की. हे साहेब सांगून राहिले. आन् ह्या बाईनं तर माझा सोभाव बी सांगितला."

मामांना हसू आवरेना. हार लपवायला गेले तर चार झेंडू अंगणात सांडले. "तुझ्या हातात काय हाय?" आबांनी वास घेत विचारलं. "हार? आनलाय तर घाल. फोटूला वास येत न्हाई." आणि मान पुढं केली. मामांनी हार घातला. आबा हार घालून बाजेवर बसले आणि सुपारी कातरू लागले.

मग बडेबाबूंनी सगळं सांगितलं. खोकला, डॉक्टर, मोगरा. "आबा, सायकल सुटली असती तर रविवार गेला असता," ते म्हणाले. "म्हनलं, मिशी काय, परत येती."

आबांनी मास्क मागून घेतला. बाहेरून बोट फिरवलं, लागलेली धूळ चिमटीत चोळून बघितली. आतून फिरवलं. "आत साफ हाय," ते म्हणाले. "खोकला आला का वाटंनं?"

"येकदा बी न्हाई."

माझी मान जरा वर झाली. म्हटलं, चला, विज्ञान जिंकलं.

"आन् वाटंत कोन भेटलं?"

"लई जन. पन म्या बोललोच न्हाई कुनाला. मॅडमनं सांगितलं व्हतं."

"मंग तू आलासच न्हाई," आबा म्हणाले. "निस्ती सायकल आली."

बडेबाबू बाजेच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "व्हय आबा. छातीला बरं वाटलं. पन येकट्यानं आल्यावानी वाटलं."

निकाल आबांनीच दिला. मोंढ्याच्या रस्त्यानं जायचं तेवढा वेळ मास्क लाव, मिशीवरून बसंल तसा बसू दे. अर्धी धूळ अडली तरी अर्धी अडली. बाकी उजाडता निघायचं आणि कॅनॉलच्या वाटेनं यायचं. तिथं धूळ नाही, तोंड उघडं ठेव, जो भेटंल त्याला राम राम कर. आणि शेवटी मास्क परत देताना म्हणाले, "मिशी वाढव पुन्ना. ती माझ्या नावची हाय. मी जाताना घेऊन जाईन."

आम्ही जीपनं परत निघालो. वसमत आल्यावर मामा म्हणाले, "मिताहारी म्हंजे काय हो मॅडम?"

मिशी परत आली. सायकल चालू राहिली. खोकला गेला नाही, पण टेबलावरचा दगड लहान झाला. आणि मी ऑफिसात दोन महिने पुरवणीतलं काही सांगितलं नाही. तिसऱ्या महिन्यात सुरू केलं. स्वभावाला औषध नाही.

पुढं बडेबाबू रिटायर झाले, मीही झाले. मग ती साथ आली आणि सगळ्या वसमतनं तोंडं झाकली. मी घरात बसून बडेबाबूंची आठवण काढायची. म्हटलं, आता त्यांना कुणी दातांचं विचारत नसेल. रस्ते रिकामे, मोंढा बंद, हवा अशी स्वच्छ की कधी नव्हती, आणि नेमका तेव्हा मास्क प्रत्येकाच्या तोंडावर.

एका सकाळी फाटकाशी घंटी वाजली. मी ओटीवर आले. फाटकाबाहेर, लांबच, सायकल धरून बडेबाबू उभे. तोंडावर तोच जुना काळा मास्क. मला बघून हात जोडले. आणि साऱ्या जगाला मास्क खाली ओढायची मनाई असताना त्यांनी तो क्षणभर खाली ओढला, त्यांच्या सवयीप्रमाणं.

ओठ सपाट होता.

"नेली, मॅडम," ते म्हणाले.

मी पायरीवर बसले. काही साथीबिथीनं नव्हे, म्हणाले. शंभरी झाली होती आबांची, झोपेतच गेले. पण कुणालाच येता आलं नाही. चार माणसांत उरकलं. मी काय बोलणार? दुखवट्याचं माझं सगळं बोलून झालं होतं, आणि तेही ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याच तोंडावर.

तेच बडेबाबूंच्या मनात असावं. मास्क वर करता करता थांबले. "वाईट वाटून घेऊ नका," म्हणाले. "आबा शेवटच्या दिसांत लई हसायचे. म्हनायचे, माझा दुखवटा झालाय, म्या सोता बसून ऐकलाय, आता कुनी न्हाई आलं तरी चालंल. आन् तुमाला निरोप सांगितलाय."

"मला?"

"म्हनले, त्या बाईला सांग. लई शांतपनानं गेलो."

मी हसायला लागले. मग ते हसणं भलतीकडंच गेलं, पण तोंडावर पदर होता, दिसलं नसेल. बडेबाबूंनी मास्क वर चढवला, एकदा घंटी वाजवली आणि निघाले. मी वार आठवून बघितला. रविवार होता.

नातीला काल उत्तर पाठवलं. "घे. सिग्नलला लाव, मागच्या गल्लीनं रस्ता असेल तर तिकडून जा. फक्त एका हातानं खाली ओढता येईल असा बघून घे."

तिचा लगेच प्रश्न आला, "खाली कशाला ओढायचा?"

म्हटलं, तू सुट्टीत इकडं ये. सांगते.